हिमाचलचा नकार आपल्या डोंगरालाही हवा

सात-बारावर नाव आहे, घरचा ऊस कारखान्याला जातो, सेवा सोसायटीचं सभासदत्व आजोबांपासून चालत आलं आहे. एवढं असूनही करवीर किंवा कागल तालुक्यातला माणूस हिमाचल प्रदेशात शेतकरी ठरत नाही. तिथल्या 1972 च्या कूळवहिवाट आणि जमीन सुधारणा कायद्यानुसार शेतकरी म्हणजे हिमाचलातल्याच जमिनीचा मालक आणि ती स्वतः कसणारा. त्याच कायद्याचं कलम 118 सांगतं, की जमीनमालकाला सरकारच्या परवानगीशिवाय असा शेतकरी नसलेल्या कुणालाही आपली जमीन विकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही, भाडेपट्ट्याने देता येणार नाही आणि ताबेगहाणही ठेवता येणार नाही.

मी कोल्हापुरात महसुली दाव्यांची कामं करतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवीच चौकशी येऊ लागली आहे. मनालीच्या वर, नाहीतर नैनिताल जिल्ह्यात मुक्तेश्वरच्या बाजूला एखादी जागा बघायची आहे, कागद तपासून द्याल का? विचारणारे सगळे एका प्रकारचे नसतात. कुणी डॉक्टर नवरा-बायको असतात. कुणाचा मुलगा पुण्यात आयटीत असतो आणि लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करता येतं हे त्याला कळलेलं असतं. काही घरं अशी आहेत की त्यांनी 2019 आणि 2021 च्या महापुरात स्वयंपाकघरापर्यंत पाणी बघितलं, आणि तेव्हापासून उंचावर कुठेतरी आपलं एक घर असावं असं त्यांना वाटतं. शिरोळ तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार मला म्हणाले, "वकीलसाहेब, उमेदीची सगळी वर्षं त्या बर्फात ड्युटी केली. आणि आता मला तिथं दोन गुंठं घेता येत न्हाईत व्हय?"

सुभेदारांचा प्रश्न या सगळ्यांत जड आहे. तरीही त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो: सहजासहजी घेता येत नाहीत, आणि कायदा तसा आहे हे योग्य आहे. त्याहून पुढे जाऊन माझं म्हणणं असं, की जो नकार हिमाचलचा शेतकरी आपल्याला देऊ शकतो, तसा नकार देण्याची ताकद राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या माणसाला मिळाली पाहिजे.

आधी तो कायदा नीट समजून घेऊ, कारण त्याच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. हिमाचलने दार पूर्ण बंद केलेलं नाही. परवानगी मागता येते. राहण्यासाठी 500 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे पाच गुंठ्यांच्या आत. दुकानासाठी 300 चौरस मीटर. शेतीसाठी जास्तीत जास्त चार एकर. परवानगी ज्या कामासाठी घेतली ते काम ठरलेल्या मुदतीत झालं पाहिजे. फार तर थोडी मुदतवाढ मिळते. घर बांधतो म्हणून जमीन घेतली आणि भाव वाढायची वाट बघत बसलात, तर ती सरकारजमा होते. हाच कायदा भूमिहीन शेतमजूर, भूमिहीन दलित-आदिवासी आणि गावातले कारागीर यांना मात्र या मनाईतून सूट देतो. त्याचा रोख कुणावर आहे हे एवढ्यावरून कळावं. ज्याच्या हातात पैसा आहे पण ज्याला ती जमीन कसायची नाही, त्याला तो अडवतो.

हिमाचलला पूर्ण राज्याचा दर्जा 25 जानेवारी 1971 रोजी मिळाला आणि पुढच्याच वर्षी हा कायदा झाला. पहिले मुख्यमंत्री यशवंत सिंह परमार यांना भीती होती ती पंजाब-दिल्लीच्या पैशाची. डोंगरात माणशी जमीन थोडी, तीही उतारावर बांधलेल्या पट्ट्यांत. एका धनिकाच्या एका खरेदीत अख्खी वाडी मजूर होऊ शकते. पन्नास वर्षांनंतर काय दिसतं? कोटगढ, जुब्बल, रोहडू या भागातल्या सफरचंदाच्या बागा मुख्यतः तिथल्याच कुटुंबांच्या ताब्यात आहेत. श्रावण-भाद्रपदात आपल्या शाहू मार्केट यार्डात हिमाचलच्या पेट्या उतरतात, तेव्हा त्यातला पैसा परत त्या डोंगरातल्या घरांपर्यंत जातो. जमीन त्यांची राहिली म्हणून झाड त्यांचं राहिलं.

याच कोटगढची एक गोष्ट बाहेरच्या माणसाबद्दल बोलताना विसरू नये. तिथे चांगल्या जातीचं सफरचंद आणलं ते सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने, साधारण 1916 च्या सुमारास. तो तिथे राहिला, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं, डोंगरी माणसांकडून फुकट राबवून घेण्याच्या बेगार पद्धतीविरुद्ध तो उभा राहिला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखला गेला. बाहेरून आलेला माणूस डोंगराचं भलं करूच शकत नाही, असं मला म्हणायचं नाही. पण स्टोक्सने आयुष्य तिथे नेलं होतं. वर्षातले दोन आठवडे उतरायला म्हणून घेतलेल्या प्लॉटच्या समर्थनात त्याचं नाव घेणं मला पटत नाही.

उत्तराखंडची वाट वेगळी झाली. 9 नोव्हेंबर 2000 ला राज्य झालं. बाहेरच्यांच्या खरेदीवर 2003 मध्ये 500 चौरस मीटरची मर्यादा आली, काही वर्षांत ती 250 वर, म्हणजे अडीच गुंठ्यांवर आणली गेली. 2018 मध्ये गुंतवणुकीच्या नावाखाली उद्योगासाठीच्या जमिनीवरची कमाल मर्यादा उठवली. त्या सैलपणात रामगढ-मुक्तेश्वरचा फळबागांचा पट्टा बंगल्यांनी भरत गेला. 'भू-कानून'साठी लोक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारला नवा कायदा करावा लागला. आता हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून उरलेल्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची किंवा फळबागेची जमीन घेता येत नाही. घरासाठी 250 चौरस मीटर, तेही एका कुटुंबाला आयुष्यात एकदाच आणि प्रतिज्ञापत्रावर. हे शहाणपण आलं, पण बऱ्याच बागा गेल्यावर.

तरीही माणसं शोधत असतातच, आणि त्यांना शोधून देणारेही असतात. "118 चं आम्ही बघतो" असं फोनवर सांगणारा दलाल बहुधा तीनपैकी एक रस्ता दाखवतो. स्थानिक शेतकऱ्याच्या नावावर खरेदी आणि पैसा तुमचा. किंवा मूळ मालकाकडून कुलमुखत्यारपत्र. किंवा विक्रीचा नुसता करार करून ताबा. या तिन्ही वाटा त्याच कलमाने आधीच बंद केल्या आहेत. दुसऱ्याच्या नावावरचा व्यवहार आणि ताबा देण्याच्या हेतूने केलेलं मुखत्यारपत्र यांनाही कलम 118 हस्तांतरच मानतं. वर केंद्राचा बेनामी व्यवहारांचा कायदा आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यात मालमत्ता जप्त होते आणि सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. उत्तराखंडात आणखी एक खाच आहे. तिथे जमीन 'नाली'त मोजतात, एक नाली म्हणजे जवळपास आपले दोन गुंठे. खतौनीत, म्हणजे तिथल्या सात-बारासारख्या नोंदीत, पुष्कळदा 'गोल खातं' असतं: एकाच खात्यात चुलते, पुतणे, दिल्ली-मुंबईला गेलेले भाऊ, सगळ्यांचे हिस्से, आणि प्रत्यक्ष वाटप कुणाचंच झालेलं नाही. एका भावाने दाखवलेला तुकडा उद्या दुसऱ्याचा निघतो. माझ्या व्यवसायाला असे दावे मिळतील, पण लोकांनी या फंदात पडू नये असंच मी सांगत आलो आहे.

कागदांपेक्षा मोठी गोष्ट जमिनीची स्वतःची आहे. बर्फाच्या मुलखात गाव कुठे वसवायचं हे तिथल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या बघून ठरवलं. ऊन कुठल्या अंगाला जास्त वेळ राहतं, हिमकडा कुठून सुटतो, नाल्याने पूर्वी कुठवर दगड आणून टाकले, झरा उन्हाळ्यात टिकतो का. चांगल्या जागा घरांना आणि शेतांना गेल्या. वाईट जागा गवतासाठी, गुरांसाठी मोकळ्या राहिल्या. आज बाहेरच्या माणसाला 'व्ह्यू'सकट स्वस्तात दाखवली जाते ती अनेकदा हीच मोकळी ठेवलेली जागा. उन्हाळ्यात ती सुंदर दिसते. उत्तरेच्या उतारावर जानेवारीत ऊन पोचत नाही, नळ गोठतात, रस्ता बंद होतो, हे तेव्हा कळत नाही. 5 ऑगस्ट 2025 ला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीत खीर गाड या ओढ्याच्या लोंढ्याने हॉटेलं आणि घरं काही क्षणांत गाडली. ती बाजारपेठ ओढ्याने पूर्वी आणून टाकलेल्या गाळ-दगडांच्या पंख्यावरच उभी होती. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठ खचलं, तेही जुन्या दरडीच्या मातीवर वसलेलं गाव. कोल्हापूरकराला हे नवं वाटू नये. निळ्या पूररेषेच्या आत स्वस्तात प्लॉट घेतलेली किती घरं आपण राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की दरवेळी बाहेर काढतो! जुन्या माणसांनी नदीकाठची ती शेतं घरासाठी सोडली नव्हती, त्यामागे कारण होतं.

पाण्याचंही तसंच. नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालाने सांगितलं की हिमालयातले जवळपास निम्मे बारमाही झरे आटले आहेत किंवा हंगामी झाले आहेत. ज्या झऱ्यावर वीस घरं जगत होती, त्यावर वरच्या अंगाला एक बंगला, त्याची टाकी आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरांचे नळ बसले तर खालच्या बायकांना पाण्यासाठी किती खाली उतरावं लागेल, हा प्रश्न विकत घेणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. त्याने जमिनीचे पैसे दिलेले असतात आणि झराही त्यातच आला असं तो धरून चालतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप सुभेदारांचाच: देश एक आहे, मग जमीन का नाही? राज्यघटनेने भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे आणि तो मलाही प्रिय आहे. पण राहणं वेगळं आणि शेतजमिनीची मालकी वेगळी. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला. आणि आपण तरी काय वेगळं करतो? आपल्या 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेवर ज्या कोल्हापूरच्या मातीत माणसं लढली, त्या मातीतल्या माणसाने हिमाचलच्या कसणाऱ्याला तोच हक्क नाकारावा हे बरं दिसत नाही. देशासाठी बर्फात उभं राहिलेल्या माणसाचं ऋण सगळ्या देशावर आहे. ते फेडायचं तर सरकारने फेडावं. डोंगरातल्या एखाद्या गावाने आपली गवताची जागा देऊन ते का फेडायचं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गिऱ्हाईक कमी असलं की भाव पडतो. घरात आजारपण निघालं, मुलीचं शिक्षण अडलं, तर हिमाचलच्या शेतकऱ्याला जमिनीचे पैसे आपल्या मानाने कमी मिळतात. हे नुकसान मी नाकारत नाही. ते त्याच्या एकट्याच्या खिशातून जातं आणि फायदा अख्ख्या गावाला होतो. पण दुसऱ्या बाजूचा अनुभवही समोर आहे. जमिनीचा पैसा एकदाच येतो. त्यानंतर शेजारच्या भावालाही त्या दराने घरापुरती जागा घेता येत नाही. उत्तराखंडच्या स्थलांतर आयोगाने 2018 मध्ये नोंदवलं की 2011 नंतर 734 गावं निर्मनुष्य झाली. त्याची कारणं शाळा, दवाखाना, रोजगार ही आहेत, बंगले नव्हेत, हे खरंच. पण बाहेरचा पैसा आला म्हणून ती गावं थांबली नाहीत, हेही तितकंच खरं. अडलेल्या शेतकऱ्याला स्वस्त कर्ज, औषधोपचार आणि फळाला भाव हवा. ते न देता त्याला फक्त जमीन विकण्याचं स्वातंत्र्य देणं ही फसवणूक आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मलाही थांबावं लागतं. कलम 118 असूनही हिमाचल वाचलं कुठे? 2023 च्या पावसाळ्यात बियास खवळली, चौपदरी रस्त्यासाठी उभे कापलेले डोंगर खाली आले, 14 ऑगस्टला शिमल्याच्या समर हिलमधलं शिवमंदिर दरडीखाली गेलं आणि वीस माणसं मेली. जुलै 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की असंच चालू राहिलं तर हे राज्य देशाच्या नकाशावरून नाहीसं होईल. यातली हॉटेलं, रस्ते, जलविद्युत प्रकल्प बाहेरच्यांनी चोरून केलेले नाहीत. पुष्कळ स्थानिकांनी आणि खुद्द सरकारने केले. म्हणजे जमीन कुणाची हे ठरवणारा कायदा अर्धंच काम करतो. त्या जमिनीवर, त्या उतारावर काय करायचं हे ठरवणारा कायदा तितकाच कडक लागतो. पण म्हणून पहिला अर्धा सोडून द्यायचा का? जमीन हातात असलेल्या गावाला निदान उद्या आपलं धोरण बदलता येतं. जमीन गेलेल्या गावाला तेही उरत नाही.

आणि इथून मी घरी येतो. पन्हाळ्यापासून तिलारीपर्यंत आपल्या जिल्ह्याची पश्चिमेची सगळी कड हाच प्रश्न घेऊन उभी आहे. मुंबई, पुणे, गोवा, बेळगाव इथल्या पैशाला आजरा-चंदगडची काजूची टेकाडं आणि राधानगरी-गगनबावड्याचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं, दिसू लागले आहेत. कलम 63 आहे, पण त्याला 63-1अ ची खिडकी आहे. उद्योगासाठी जमीन हवी असं म्हटलं की बिगरशेतकऱ्यालाही दहा हेक्टरपर्यंत आधी परवानगी न काढता घेता येते, आणि पुढे या खिडकीतून टाउनशिपही आत आल्या. लवासा ज्यातून उभं राहिलं त्या 1996 च्या हिल स्टेशन धोरणाने मुळशीच्या डोंगराचं काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं. 2024 मध्ये साताऱ्याच्या कांदाटी खोऱ्यातलं झाडाणी गाजलं. तिथे सुमारे 620 एकर जमीन मोजक्या माणसांकडे गेल्याचा आरोप झाला आणि प्रशासनाला चौकशी लावावी लागली. आपला कमाल जमीनधारणा कायदा तर जिरायतीलाही एका कुटुंबाला 54 एकरांच्या पुढे जाऊ देत नाही. तलाठी, मंडल अधिकारी, दुय्यम निबंधक यांच्या टेबलांवरून असे व्यवहार पुढे सरकेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही का? त्याच सातारा जिल्ह्यात नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी 235 गावांचा आराखडा आला. त्याची दक्षिण कड आपल्यापासून फार लांब नाही.

आपल्याकडे पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राला विरोध होतो, आणि त्या विरोधात शेतकऱ्याची खरी भीती आहे. घर वाढवता येईल का, गोठा बांधता येईल का, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही. या क्षेत्रासाठीच्या केंद्राच्या 31 जुलै 2024 च्या मसुद्यात खाणी, 20 हजार चौरस मीटरच्या पुढची बांधकामं, 50 हेक्टरच्या पुढच्या टाउनशिप यांवर बंदी सुचवली होती. पण जमीन कोण घेतो हा त्या मसुद्याचा विषयच नाही. त्यामुळे वाडीवरचा धनगर आपलं घर-गोठ्याचं काम अडेल अशी धास्ती बाळगतो, आणि त्याच्या वरच्या सड्यावर कुंपण घालणारा निवांत असतो. पिढ्यान् पिढ्यांची गुरांची वाट तारेच्या कुंपणाने बंद झाल्याचे दावे आम्हा वकिलांकडे येतात. ते वहिवाटीचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि तेवढ्यात गुरं विकली जातात.

कोल्हापूर शहरातल्या माणसाने हा गावाकडचा प्रश्न समजू नये. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या त्याच डोंगरातून उतरतात. 2023 पासून काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनने शहराच्या नळाला येणारं पाणी त्याच डोंगराचं आहे. वरचे सडे सपाट झाले, ओढ्यांच्या डोक्यावर भराव पडले, तर पावसाळ्यात पंचगंगेला लवकर पूर येईल आणि मेमध्ये विहिरी लवकर तळ गाठतील.

मागण्या अवघड नाहीत. डोंगरी तालुक्यांपुरतं 63-1अ बंद करा. ठराविक क्षेत्राच्या वरच्या खरेदीचा फेरफार मंजूर होण्याआधी तो ग्रामसभेपुढे वाचला जावा. आज नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीचे पंधरा दिवस शेतकरी भातलावणीत असताना निघून जातात. झरे, गुरांच्या वाटा, देवराया यांची गावनकाशावर नोंद घ्या आणि ती नोंद खरेदीखताला जोडणं सक्तीचं करा. हिमाचलसारखी मुदतीची अट घाला: ज्या कामासाठी जमीन घेतली ते झालं नाही तर ती सरकारजमा, आणि तिथून गावातल्या भूमिहीनांकडे. या मागण्यांना आडवे येणारे बाहेरचे थोडे आणि आपले जास्त असतील, कारण एजंट आपले आहेत, काही पुढारी भागीदार आहेत आणि चांगला भाव आला की आपल्यातल्या कित्येकांनाही कायदा जाचक वाटतो. म्हणूनच हा प्रश्न विधानसभेत जाण्याआधी शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या ग्रामसभांत यायला हवा. ठराव सरपंचाच्या सहीने तहसीलदारांकडे गेला, की त्याची पोच घ्यायला विसरू नका.